साडेनऊ बोटांचं इंग्रजी

त्याचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. आधी पाचला व्हायचा. सहाची पाळी, यार्ड चालत वीस मिनिटांवर, पाचला उठलं की पुरायचं. मग कंपनी विकली गेली, नव्या मालकांनी फाटकावर नोटीस लावली, आणि त्याला रोज सव्वा तास जास्तीचा लागायला लागला. तो त्याने झोपेतून कापला. दुसरीकडून कापण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हताच.

नोटीस सोपी होती. लोंबत्या मालाजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला चाळीस सुरक्षा-वाक्यं इंग्रजीत बोलता आली पाहिजेत. सहा महिन्यांनी तोंडी परीक्षा. पास झाला तर प्रमाणपत्र आणि आहे ती जागा. नापास झाला तर तीन महिन्यांनी आणखी एक संधी, तोवर हातात झाडू. तीही गेली तर झाडू कायमचा.

मी त्या यार्डात वरची क्रेन चालवायचो. छपराखाली दोन रूळ, त्यांवर आडवी क्रेन, तिच्या पोटाला माझी केबिन. खाली पाइप, तुळया, पत्र्यांची भेंडोळी. साडेनऊ खाली उभा असायचा. मालाला साखळ्या बांधायच्या आणि क्रेनवाल्याला हाताने इशारे द्यायचे, हे त्याचं काम. अशा माणसाला आमच्यात खलाशी म्हणतात. नाव त्याला होतं, पण पगाराच्या यादीपुरतं. तरुणपणी, दुसऱ्याच कुणाच्या चुकीच्या इशाऱ्यावर, साखळी आणि पाइपाच्या मध्ये सापडून डाव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं. तेव्हापासून तो साडेनऊ. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, तुमचं सगळं साडेनऊच, दहा कधी व्हायचं नाही.

केबिन चाळीस फूट उंच. तिथून माणसाचं तोंड दिसत नाही, डोक्यावरची टोपी आणि हात दिसतात. आवाज तर पोचतच नाही. बहुतेकांचे हात हलण्याआधी थोडे थांबतात, विचार करतात. त्याचे थांबत नसत. आठ टनांचा गठ्ठा दोन बोटं खाली घ्यायचा असेल तर दोन बोटंच खाली यायचा, तिसरं नाही. हात असा पडायचा की माझ्या मुठीतला दांडा त्यानेच ओढला असं वाटावं. सव्वीस वर्षांत त्याच्या इशाऱ्यावर उचललेल्या मालाने कुणाचं नख गेलं नाही. मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही. हे नोंदवहीत आहे.

परीक्षेची तयारी करून घ्यायला कंपनीने एक तरुण साहेब पाठवला. यार्डातल्या धुळीतही गळ्यात टाय, म्हणून त्याचं नाव टाय. दर बुधवारी कॅन्टीनमध्ये तास. तो पुस्तिकेतलं वाक्य वाचायचा, आम्ही तीस-पस्तीस माणसं त्याच्यामागून म्हणायचो. कुणी चुकलं की तो त्याला उभा करायचा आणि तेच वाक्य दहादा म्हणायला लावायचा. पाचव्या वेळेला बाकीचे हसायला लागायचे. दहाव्या वेळेला तो स्वतः हसायचा. साडेनऊ पहिल्या महिन्यात चार वेळा उभा राहिला. शाळा चौथीपर्यंत, वय एक्कावन्न. इंग्रजी अक्षरं वाचता यायची ती पेट्यांवरच्या खुणा वाचून वाचून. त्यापलीकडे काही नाही.

पावणेचारला उठून तो वाक्य घोकायचा आणि यार्डाच्या फाटकाशी येईपर्यंत ते सांडलेलं असायचं. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे सगळ्यांचा मिळून एक व्हरांडा. बायको शिवणकाम करायची. तीही त्याच्याबरोबर उठून मशीनवर बसायची. त्याला मोठे शब्द अडत नसत. अडत ते चिमुकले. अप, ऑफ, आउट, ऑन. हे शब्द मागे लागले की पुढचा चांगला ओळखीचा शब्द ओळख देईनासा होतो, अशी त्याची तक्रार. लुक म्हणजे बघणे, हे समजलं. पण लुक आउट म्हणजे सांभाळ, लुक आफ्टर म्हणजे काळजी घे, लुक इनटू म्हणजे चौकशी कर. बघायचं ते कुठे गेलं?

बायकोने मशीन थांबवलं नाही. "आपल्यात नाही का तसं? परवा तुम्ही साहेबाला उलट बोलून बसलात. बोलून कुठे बसलात, खुर्चीवर?"

त्याने हातातली पुस्तिका मिटली.

"वर आणि एक दिवसाचा पगार कापून घेतलात. घेतलात म्हणजे काय मिळालं तुम्हाला?"

हे त्याने मला जेवणाच्या सुटीत सांगितलं, आणि सांगताना त्याचे हात चालू होते. मी बघत होतो. बोलून बसणे म्हणताना उजवा हात खाली आदळला. कापून घेणे म्हणताना बोटं आत वळली. त्याचं त्यालाच ते दिसलं आणि तो बोलता बोलता थांबला.

त्या दिवसापासून त्याने तोंडाने घोकणं सोडलं. प्रत्येक वाक्याला इशारा लावला. सव्वीस वर्षं हाताने बोललेल्या माणसाने इंग्रजीही हातातच भरलं.

त्याची रीत अशी. मस्ट, शुड, मे, कॅन हे शब्द म्हणजे मुकादम. ते डाव्या हाताला. मस्ट म्हणजे आवळलेली मूठ, सुटका नाही. शुड म्हणजे उघडा पंजा, केलेलं बरं. मे म्हणजे उताणा तळवा, मुभा आहे. कॅन म्हणजे वर केलेला अंगठा, जमतं. कुड म्हणजे तोच अंगठा मागे झुकलेला. आपल्यात मुकादम शेवटी उभा राहतो, तो म्हणायचा. आपण थांबायला पाहिजे म्हणतो, पाहिजे सगळ्यांच्या मागे. त्यांच्यात तो सगळ्यांच्या पुढे. आणि तो पुढे आला की मागचं क्रियापद टोपी काढून उभं राहतं. त्याला शेपूट नाही, शेंडी नाही, जसं जन्मलं तसं. मस्ट कीप. शुड लुक. कुणीही कर्ता असो.

क्रियापद उजव्या हाताला. आणि तो चिमुकला शब्द म्हणजे त्याच हाताची दिशा. अप वर, डाउन खाली, अवे लांब, ऑफ झटकून टाकलेला. दोन्ही मिळून एकच हालचाल. वेगळी करायची नाही, कारण ती वेल्डिंगने जोडलेली आहे. मग कधी कधी आणखी एक शब्द येतो, फ्रॉम, फॉर, विथ. तो वेल्ड केलेला नाही, हुकात अडकवलेला आहे. माल असेल तरच तो येतो. नुसतं ओरडायचं असेल तर लुक आउट पुरे. कशापासून सांभाळायचं ते सांगायचं असेल तर हुक लावा, लुक आउट फॉर, आणि हुकाला ट्रक अडकवा. यू मस्ट कीप अवे फ्रॉम द लोड: डावी मूठ, उजवा पंजा छातीपासून लांब, मग बोट मालाकडे. एवढ्यात झालं.

एकाने त्याला अडवायला विचारलं की टर्न इट ऑफ असं मध्येच इट का घुसतं, आणि टर्न ऑफ इट का चालत नाही. साडेनऊने दोन मिनिटं विचार केला. म्हणाला, इट हलका माल आहे. हलका माल दोन्ही हातांच्या मध्ये धरायचा, बाहेर ठेवला तर पडतो. जड माल, म्हणजे मोटर वगैरे, मध्ये धर नाहीतर बाहेर ठेव, दोन्ही चालतं. हे त्याने बुधवारी टायला विचारून घेतलं. टाय म्हणाला, असं काही नसतं काका, पण नियम बरोबर आहे.

टाय सगळ्या म्हाताऱ्यांना काका म्हणायचा. त्यात नातं नव्हतं, वय काढणं होतं.

तीन महिन्यांत निम्मं यार्ड त्या इशाऱ्यांनी इंग्रजी बोलायला लागलं. जुन्या बाजारातून आणलेल्या डिक्शनरीत त्याला पुट अप विथ सापडलं, सोसणे. पुस्तिकेत ते नव्हतं, तरी त्याने इशारा बसवला: दोन्ही तळवे खालून वर उचलायचे, डोक्यावर ठेवायचे आणि तिथेच राहू द्यायचे. टाय यार्डातून चालला की वीस माणसं डोक्यावर हात ठेवून उभी असायची. त्याला वाटायचं ऊन लागतंय.

मला तर तो खालून शिकवायचा. दोन उचलींच्या मध्ये ट्रक पुढे सरकेपर्यंत मिनिट-दीड मिनिट मिळायचं. तेवढ्यात तो मान वर करून एक वाक्य हाताने सांगायचा आणि मी चाळीस फुटांवर एकटाच ते तोंडाने म्हणायचो. चुकलं की नाही हे त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तो पुन्हा तेच करायचा, कुणास ठाऊक कसं, मी चुकलो असलो की नेमकं तेव्हाच. सगळी चाळीस वाक्यं मी अशी शिकलो. माझ्या डोक्यात ती अजून आवाजाने नाहीत, हातांनी आहेत.

परीक्षेला कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावली होती. मध्ये टाय, त्याच्यासमोर एक खुर्ची, मागे बाकावर आम्ही आपापल्या नंबराची वाट बघत. माझा नंबर त्याच्या आधी. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो, भिंतीवर त्याचे हात आणले आणि ते जे करतील ते म्हणत गेलो. चाळीसपैकी पस्तीस. पास. उठून बाकावर परत बसलो. साडेनऊने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि खुर्चीवर जाऊन बसला.

टायने पहिला प्रश्न टाकला. माल लोंबतो आहे, एक माणूस खाली येतो आहे, त्याला काय सांगाल.

साडेनऊची डावी मूठ वर आली. उजवा पंजा छातीशी आला.

"काका, हात खाली," टाय म्हणाला. "मला तोंडाची परीक्षा घ्यायची आहे. नाटकाची नाही."

त्याने हात मांडीवर ठेवले. टायने प्रश्न पुन्हा विचारला. हात पुन्हा उठले. टायने पेनाने मांडीकडे खूण केली. साडेनऊने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसला.

मग काहीच झालं नाही. तोंड उघडलं, बंद झालं. मान लांब झाली. खांदे उचलले गेले, जणू खांद्यांनी तरी सांगावं. दातखीळ बसल्यासारखा तो टायकडे बघत राहिला. टायने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता काट्याकडे बघत बसला. एक मिनिट हा किती मोठा वेळ असतो, हे रिकाम्या माणसाला कळत नाही. मिनिट संपल्यावर टायने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. पाचव्या प्रश्नानंतर त्याने गंमत म्हणून मराठीतच विचारलं की बरं, निदान आपल्या भाषेत सांगा, माणूस खाली आला तर काय कराल. साडेनऊला तेही सांगता येईना. सव्वीस वर्षं त्याने ते केलं होतं, सांगितलं नव्हतं.

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसलो. त्यातले निम्मे त्याच्याच हातांनी शिकून पास होणार होते, किंवा झाले होते. टायने कागदावर शून्य काढलं, त्याला गोल गोल गिरवून जाड केलं, आणि म्हणाला, नेक्स्ट.

दुसऱ्या दिवशी त्याला झाडू मिळाला. शौचालयं, कॅन्टीन, फाटकापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता. रंगवलेल्या पिवळ्या रेषेच्या आत, म्हणजे क्रेनखाली, पाऊल टाकायची बंदी. तो रेषेच्या बाहेर उभा राहून माल चढताना बघायचा आणि झाडू काखेत धरून त्याचे हात आपोआप इशारे द्यायचे. खाली दुसरा माणूस इशारे देत होता. माझी नजर मात्र रेषेबाहेर जायची. मुकादमाने ते पाहिलं आणि साडेनऊला सांगितलं की पाळीच्या वेळात त्याने ऑफिसच्या मागच्या बाजूला राहावं.

तीन महिने होते. त्याने ते वाया घालवले नाहीत.

वाक्यं त्याला येत होती. ती हातांतून सोडवून तोंडात आणायची होती. आधी त्याने हात खिशात घालून म्हणून पाहिलं, खिसे फाटले. मग बायकोने दोरीने मनगटं मागे बांधली. तर कोपर बोलायला लागले, कोपर बांधले तर खांदे. शेवटी तिनेच उपाय काढला, आणि तो त्याच्याच धंद्यातला होता. ओझं धरलेला हात इशारा देत नाही. हे प्रत्येक खलाशाला पहिल्या दिवशी शिकवतात.

रोज पावणेचारला व्हरांड्यात दोन बादल्या काठोकाठ भरून ठेवलेल्या असायच्या. त्याने दोन्ही हातांत एकेक उचलायची आणि सरळ उभं राहून चाळीस वाक्यं म्हणायची. पाणी सांडलं की पहिल्यापासून. बायको दारात स्टूल टाकून बसायची, मांडीवर कुणाचातरी कपडा, हातात सुई. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण पाणी सांडलेलं दिसत होतं. ती नुसती म्हणायची, "पहिल्यापासून." पहिले दोन आठवडे तो सातव्या वाक्यापलीकडे गेला नाही. मस्ट म्हणताना डावी बादली हलायचीच.

शेजारी उठून बघायला लागले. समोरच्या मजल्यावरून कुणी विचारायचं, आज कितव्या वाक्यावर पाणी गेलं. पैजा लागायच्या. मनगटं सुजली; डावी मूठ तर मिटेनाशी झाली. तो एकदा बादल्या ठेवून खाली बसला आणि म्हणाला की हात ऐकत नाहीत.

बायकोने सुई थांबवली. "हात तुमचे नाहीत असं समजा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचे आहेत. सांभाळायला दिलेत. त्यांना बोलायची परवानगी नाही."

ती वाईट बाई नव्हती. तिला झाडूचा पगार माहीत होता, आणि नवरा संध्याकाळी घरी येऊन हात धुताना हातांकडे कसा बघत नाही तेही माहीत होतं. तिने दुसरा रस्ता शोधला असता तर तिला सापडला नसता. मलाही सापडत नाही.

अकराव्या आठवड्यात पाणी सांडलं नाही. पाठोपाठ सहा दिवस सांडलं नाही.

दुसऱ्या परीक्षेला मी कॅन्टीनच्या खिडकीबाहेर उभा होतो. साडेनऊ खुर्चीवर बसला, हात मांडीवर उताणे ठेवले, मेलेले मासे ठेवावेत तसे. टायने विचारलं आणि तो बोलत गेला. यू मस्ट कीप अवे फ्रॉम द लोड. यू शुड लुक आउट फॉर पीपल. यू मस्ट टेक अप द स्लॅक. यू मे कॉल ऑफ द लिफ्ट. एका सुरात, नळातून पाणी यावं तसं. टायला ते खोटं वाटलं, त्याने पुस्तिकेबाहेरची चार वाक्यं विचारली. तीही आली. हात हलले नाहीत. बोटसुद्धा नाही.

"आता कसं," टाय म्हणाला आणि सही केली. चाळीसपैकी अडतीस. पूर्ण यार्डात सगळ्यात जास्त.

तो परत पिवळ्या रेषेच्या आत आला. मधल्या काळात नवा नियम आला होता. प्रत्येक खलाशाच्या खांद्यावर वायरलेस. आधी वाक्य इंग्रजीत बोलायचं, मग इशारा द्यायचा. सगळे हा नियम मोडायचे. हात आधी टाकायचे आणि मागाहून वायरलेसमध्ये काहीतरी पुटपुटायचे. टायला फक्त पुटपुटणं ऐकू यायचं, तो खूश. एकटा साडेनऊ नियम पाळायचा. नियम पाळायचा म्हणणंही बरोबर नाही. त्याला दुसरं येतच नव्हतं.

मला पहिल्याच उचलीला कळलं. केबिनमध्ये खरखर झाली, एक पूर्ण वाक्य आलं, मुकादमापासून हुकापर्यंत सगळं जागच्या जागी. ते संपलं आणि मग खाली हात हलला. अर्धा सेकंद. कदाचित थोडा कमी. जो हात माझ्या मुठीत असायचा तो आता परवानगी मागून येत होता.

आठवडाभर मी तो अर्धा सेकंद मोजत राहिलो. मग शिडीखाली त्याला गाठलं.

"हात आधी टाक."

"माहीत आहे."

"मग?"

"थांबतात ते."

"कशासाठी?"

"वाक्य संपायची वाट बघतात," तो म्हणाला आणि दोन्ही तळवे उताणे करून बघत राहिला, एखादं उसनं आणलेलं हत्यार बघावं तसे. मी त्याला म्हणालो की घरी बादल्यांशिवाय सराव कर, उलटा सराव. तो म्हणाला, करतोय. करत होता. बायकोने सांगितलं पुढे, की व्हरांड्यात रिकाम्या हातांनी उभा राहायचा आणि काहीच व्हायचं नाही.

सातव्या आठवड्यात ट्रकवर पाइपांचा गठ्ठा चढवत होतो. वारा होता, गठ्ठा थोडा फिरला आणि ट्रकच्या फळीकडे जायला लागला. खालून ते त्याला माझ्याआधी दिसलं, कारण त्याची मान वळलेली मला दिसली. पूर्वी तेवढ्यात दोन्ही हात आडवे झाले असते आणि गठ्ठा जागच्या जागी थांबला असता. त्याचे हात मांड्यांशी होते. वायरलेस खरखरला. यू मस्ट होल्ड ऑन, तो म्हणत होता, शांतपणे, पूर्ण. मी ऐकून थांबवलं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी थांबवलं, आणि उशीर झाला. फळी फुटली. एक पाइप निसटून खाली गेला आणि ट्रकवाला जिथे उभा होता तिथे पडला. ट्रकवाला दोन पावलं बाजूला सिगारेट विझवायला गेला होता. पाइपाने सिमेंटमध्ये वीतभर खड्डा पाडला. हात त्यानंतर वर आले, आडवे, अगदी नियमातले.

असं झालं की क्रेनवाल्याने अहवाल लिहायचा असतो. मुकादम म्हणाला, वारा लिही. वारा होताच. मी कागद घेऊन केबिनमध्ये अर्धा तास बसलो. माझ्या क्रेनखाली रोज पंधरा माणसं असायची. मला तो माणूस प्रिय होता, आणि तो इशारा उशिरा देत होता. या दोन गोष्टींची मी बेरीज करू शकलो नाही. अहवाल आता इंग्रजीत लिहायचा होता. मी एकच ओळ लिहिली: सिग्नलमन कुड नॉट कीप अप विथ द लोड. म्हणजे खलाशी मालाच्या मागे पडला.

दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या खोलीत साडेनऊसमोर तो कागद ठेवला गेला. मलाही बोलावलं होतं. त्याने कागद उचलला, लांब धरून वाचला. मला वाटलं शिवी देईल. मी ती खायला तयार होतो.

"वाक्य बरोबर आहे," तो म्हणाला.

त्याने अक्षरावर बोट ठेवून दाखवलं. कुड पुढे. कीप उघडं. अप जोडलेलं. विथला लोड अडकवलेला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुणाकडनं शिकलास?"

मी खाली बघितलं. मुकादम हसला, त्याला वाटलं विनोद चाललाय. साडेनऊने कागद टेबलावर ठेवला, खांद्यावरचा वायरलेस काढून त्याच्यावर ठेवला आणि झाडूच्या खोलीची किल्ली मागितली.

निवृत्तीला त्याला चार वर्षं होती. चारही वर्षं त्याने झाडू मारला. चांगला मारला, हे सांगायला हवं; कोपऱ्यातला कचरा त्याच्याआधी कुणी काढत नव्हतं. त्याच्या जागी पंचविशीचा एकजण आला, हाताला बरा, इंग्रजीला यथातथा. पासही झाला होता काठावर. त्याच्याबरोबर मी शेवटपर्यंत काम केलं. टायची बढती झाली. जाताना त्याने ते इशारे पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत घातले. फोटो काढायला आधी साडेनऊला बोलावलं होतं. कॅमेरावाल्याने डावा हात बघितला आणि अर्धं बोट चांगलं दिसत नाही म्हणाला. मग पंचविशीवाल्याचे हात घेतले. साडेनऊने बाजूला उभं राहून त्याला मे आणि शुडमधला फरक तोंडाने समजावून दिला.

प्रमाणपत्राला एक वर्षाची मुदत असायची. रेषेच्या आत काम करणाऱ्यांची नूतनीकरणाची फी कंपनी भरायची. बाहेरच्यांनी स्वतः भरायची, नाहीतर प्रमाणपत्र रद्द आणि पुन्हा त्या खुर्चीवर. बाहेरचा असा एकच माणूस होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ऑफिसच्या खिडकीपुढे रांगेत असायचो, आम्ही सहीसाठी, तो पैसे भरायला. झाडूच्या पगारातले नऊ दिवस त्यात जायचे. बायको पहिल्या वर्षी भांडली, दुसऱ्या वर्षी रडली, तिसऱ्या वर्षी तिने पैसे स्वतः मोजून दिले.

चौथ्या वर्षी त्याची निवृत्ती जानेवारीतच होती, पंधरा तारखेला. मी रांगेत त्याच्या मागे होतो. खिडकीतल्या बाईने तारीख बघितली आणि म्हणाली, काका, तुमचे अकरा दिवस राहिलेत, वर्षभराची फी कशाला भरता, तसंही झाडायला प्रमाणपत्र लागत नाही. ती चांगल्या मनाने म्हणाली.

"भरून घ्या," तो म्हणाला.

तिने भरून घेतली. पावतीवर शिक्का मारला आणि खिडकीच्या फटीतून सरकवली. त्याने ती घेतली, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि फाटकापासूनचा रस्ता झाडायला गेला. प्रमाणपत्र त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालू होतं.